एजिस्तोची वाटणी

मरण्याआधी एजिस्तोने आपल्या शिकारीची वाटणी केली. बंदूक जावयाला दिली. जागा मुलाला दिली.

त्याच्याकडे देण्यासारखं आणखी काही नव्हतं. घर बायकोच्या नावावर होतं आणि चेस्टनटची झाडं चर्चची. पण ती बंदूक साधी नव्हती, आणि जागाही साधी नव्हती.

बंदूक चोवीस बोरची दुनळी. कासेल्ला गावात सगळ्यांकडे बारा बोर, एखाद्या हौशी माणसाकडे वीस. आकडा वाढतो तशी नळी बारीक होत जाते. चोवीसची नळी इतकी बारीक की नोर्माच्या बारमध्ये तिला बासरी म्हणायचे. तिची काडतुसं दुकानात मिळत नसत, घरी भरावी लागत. आणि तिचा आवाज वेगळा होता. बारा बोर धडाडते. ही वाळकी फांदी मोडावी तशी वाजायची. डोंगरात कुठेही वाजली तरी गावात चुलीपाशी बसलेल्या बायका म्हणायच्या, एजिस्तो.

जागेचं नाव होतं खोली. हे नावही त्याचंच. नोव्हेंबरात उत्तरेकडून लांबचोची येते. कबुतराएवढी, वाळक्या पानांच्या रंगाची, मोठ्या काळ्या डोळ्यांची. दिवसभर रानात जमिनीवर दडून बसते, आणि दर वर्षी ठरावीक ठिकाणीच बसते. एक मारली तर आठवडाभरात दुसरी नेमकी तिथेच येते. ज्याला अशी जागा माहीत असते तो ती कुणाला सांगत नाही. पाद्र्याजवळ पापं कबूल करतानाही नाही. एजिस्तो संध्याकाळी बारमध्ये येऊन पक्षी टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "आज खोलीत पाहुणी होती." कुठली खोली, हे कुणी विचारत नसे. विचारण्यात काही अर्थ नव्हता.

जावई फोस्को खालच्या खोऱ्यातला. बस चालवायचा. वरच्या गावांची फेरी मिळाली म्हणून कासेल्लात आला, आणि रोज पहिल्या थांब्यावर चढणाऱ्या अर्देलियाशी त्याने लग्न केलं. तोवर त्याने बंदूक हातात धरली नव्हती. एजिस्तोने त्याला शिकवलं. बंदूक खांद्याला कशी लावायची, पक्षी झाडामागे वळण्याआधी चाप कसा ओढायचा, काडतुसात दारू किती, छर्रे किती. पोराला शिकवावं तसं शिकवलं. शेवटच्या वर्षी म्हाताऱ्याला दर आठवड्याला खालच्या दवाखान्यात न्यावं लागायचं, तेव्हा फोस्कोच न्यायचा. एकदा येताना वळणावर एजिस्तो म्हणाला, "बासरी तुझी." फोस्कोने गाडी थांबवली. त्याला डोळे पुसायचे होते.

हा आनंद त्याला महिनाभरही पुरला नाही.

त्याच नोव्हेंबरात एजिस्तो उठला. त्याला नीट चालता येत नव्हतं. मुलाच्या, इव्हानोच्या, खांद्यावर हात टाकून तो रानात गेला. दोघंच. अंधार पडायच्या आत परत आले. इव्हानो लाकूडतोड्या होता, रुंद तोंडाचा, मनात काही न ठेवणारा. पण त्या संध्याकाळी त्याचा चेहरा तोंडात काहीतरी धरून ठेवलेल्या माणसासारखा दिसत होता. फोस्कोने तो चेहरा पाहिला आणि त्याला कळलं.

अंत्ययात्रेच्या दिवशी दफनभूमीच्या फाटकाशी दोघं समोरासमोर आले.

"बंदूक भिंतीवर टांग," इव्हानो म्हणाला. "शोभेल."

"आणि तू खोलीत जाऊन बस," फोस्को म्हणाला. "आतून कडी लाव."

त्यानंतर नऊ हिवाळे गेले.

फोस्को वाईट माणूस नव्हता. बस वेळेवर आणायचा. म्हाताऱ्यांचं सामान दारापर्यंत पोचवायचा. पण हेवा त्याच्या हाडात होता, आणि हे त्याला स्वतःला ठाऊक होतं. शेजाऱ्याचे टोमॅटो आधी पिकले तरी त्याचं जेवण गोड लागत नसे. इव्हानोच्या बाबतीत तर रोजच काटा टोचायचा, कारण बस रोज त्याच रस्त्याने जायची. सकाळी कोणाची गाडी कुठे उभी आहे ते फोस्कोला दिसायचं. लांबचोचीचे शिकारी गाडी कधीच खऱ्या जागेपाशी लावत नाहीत. इव्हानोची हिरवी गाडी आज पुलाशी, परवा गिरणीशी, रविवारी दफनभूमीमागे. मंगळवारी आणि शुक्रवारी शिकार बंद असते. त्या दिवशीही तो ती कुठेतरी भलत्याच ठिकाणी लावून ठेवायचा, नुसतं फोस्कोला छळायला.

"फोस्को, रस्त्याकडे बघ," मागून बायका म्हणायच्या. "हिरवी गाडी कुठे पळून जात नाही."

घरी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर काडतुसं भरायचा. अर्देलिया ताटं सरकवून जागा करून द्यायची आणि विणायला बसायची. ती मुळात कमी बोलायची. एकदा त्याने टेबलावर डोंगराचा नकाशा पसरला. कुठे पाणी आहे, कुठे उतार उत्तरेला आहे, असं पेन्सिलीने गोल करत होता. अर्देलियाने चुलीवरून चेस्टनटच्या पिठाची कढत लापशी आणली आणि भांडं थेट नकाशावर ठेवलं.

"अगं, नकाशा," तो म्हणाला.

"जेवायचं टेबल आहे," ती म्हणाली.

नकाशावर गोल तेलकट डाग पडला.

फोस्को शिकार करायचा, पण दुसऱ्यांच्या उरल्यासुरल्या जागांवर. त्याची सेटर जातीची शिकारी कुत्री ब्रिना पांढरीशुभ्र होती आणि फार गुणी. गावात असं म्हणत की ब्रिनाने शोधावं आणि फोस्कोने चुकवावं. ते खोटं नव्हतं. बंदूक त्याच्या खांद्याला नीट बसत नसे. एजिस्तो बुटका आणि लांब हातांचा, फोस्को उंच. त्याने दस्त्यावर गालाखाली चामड्याची गादी बांधून घेतली होती. तरी दोन बारांपैकी एक वाया जायचा. प्रत्येक बारानंतर तो खाली वाकून रिकामं काडतूस शोधायचा, पानं उलटीपालटी करून. चोवीस बोर दुसऱ्या कुणाकडे नव्हती. एक काडतूस राहिलं की कुणालाही कळलं असतं, फोस्को इथे येतो.

नवव्या हिवाळ्यानंतरच्या वसंतात इव्हानोची कुत्री मेली. त्याने दुसरी घेतली नाही. फोस्कोने हे ऐकलं तेव्हा त्याला आधी बरं वाटलं. मग वाटलं, म्हणजे खोलीतल्या पाहुण्या या वर्षी नुसत्या बसून राहणार. कुणी उठवणार नाही. या विचाराने त्याची झोप गेली.

डिसेंबरात एका संध्याकाळी इव्हानो बारमध्ये आला. त्याच्या बुटांना तांबडी माती होती. स्वेटरच्या बाहीत जुनिपरच्या काटेरी झुडपाच्या सुया अडकलेल्या. फोस्को त्याच्या बुटांकडे इतका वेळ पाहत राहिला की नोर्मा म्हणाली, "विकत घ्यायचेत का?"

तांबडी माती आणि जुनिपर. दोन्ही एकत्र असलेली एकच टेकडी होती.

रविवारी गावातल्या तार्चिसियोकडे डुक्कर मारायचं होतं आणि इव्हानोला बोलावलं होतं. तो दिवसभर तिथे अडकणार. फोस्कोने ठरवलं, टेकडीवर जायचं. बार काढायचा नाही, बासरीचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. फक्त जागा बघायची. ब्रिना ती शोधून देईल.

राहिली होती ब्रिनाच्या गळ्यातली घंटा. लांबचोचीच्या कुत्र्याला घंटा हवीच. रान दाट असतं, कुत्रं दिसत नाही. घंटा वाजते तोवर ते हिंडतं आहे. घंटा थांबली की पक्षी सापडला. मग शिकारी त्या शांततेच्या दिशेने चालू लागतो. पण ब्रिनाची घंटाही सगळ्यांच्या ओळखीची होती. तार्चिसियोच्या अंगणातसुद्धा ऐकू गेली असती. फोस्कोने अर्देलियाच्या टोपलीतून निळ्या लोकरीचा गुंडा उचलला आणि घंटेत ठासून भरला. ब्रिनाने मान हलवून पाहिली. मग त्याच्याकडे पाहिलं.

"गप," तो म्हणाला. ती गप्पच होती.

गाडी त्याने लांब, जुन्या गिरणीशी लावली. टेकडीवर धुकं होतं. त्याला वाटलं, बरंच झालं. ब्रिनाला नजरेआड होऊ द्यायचं नाही, एवढंच. थोडा वेळ ते जमलं. ती पुढे, तो मागे. मग ती एका जुनिपरला वळसा घालून गेली आणि परत दिसली नाही.

तो थांबला. कान दिले. पानांवरून पाणी ठिबकत होतं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं आहे. सकाळपासून शांतताच होती. त्यातली कुठली शांतता ब्रिनाची, हे आता कळायला मार्ग नव्हता. आणि पांढरी कुत्री पांढऱ्या धुक्यात.

ब्रिना चांगली कुत्री होती. तेच वाईट होतं. वाईट कुत्री कंटाळून परत आली असती. ब्रिना पक्ष्यासमोर उभी राहिली की धन्याचा हात पाठीवर पडेपर्यंत हलत नसे. पाऊस पडो, बर्फ पडो. मागच्या हिवाळ्यात याच डोंगरात लांडग्यांनी एक कुत्रं खाल्लं होतं. फक्त पट्टा सापडला.

फोस्को गोल गोल फिरला. त्याने शीळ घातली नाही. हाक मारली नाही. हाक मारली तर कळणार. इव्हानो तिकडे डुकराशी झटतो आहे, हे त्याला माहीत होतं. तरी तो जिभेवर आलेली हाक गिळत राहिला. एका बाजूला इव्हानोचं हसणारं तोंड होतं आणि दुसऱ्या बाजूला ब्रिना. निवड अवघड नव्हती. तरी त्याला फार वेळ लागला. उजेड राखाडी झाला. पाय गारठले. शेवटी त्याने हलकेच हाक मारली, मग मोठ्याने, मग जीव तोडून. मग बंदूक वर केली आणि दोन्ही बार आकाशात काढले.

वाळक्या फांद्या मोडल्यासारखा आवाज डोंगरभर गेला.

"झालं?" कुणीतरी म्हणालं.

इव्हानो जवळच, एका बुंध्यावर बसला होता. सकाळपासून असावा. त्याच्या खांद्यांवर दव साचलं होतं.

"डुक्कर?" फोस्कोने विचारलं.

"डुक्कर मजेत आहे. धुक्यात डुक्कर मारत नाहीत, मांस टिकत नाही. खालच्या लोकांना एवढंही माहीत नसतं."

"ब्रिना हरवली."

"ते ऐकलं. सगळ्या खोऱ्याने ऐकलं. घंटा कुठे आहे?"

"गळ्यात."

"मग वाजत का नाही?"

फोस्कोने बंदूक या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "लोकर भरली आहे."

इव्हानो हसला नाही. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "बापाने तुला बंदूक दिली," तो म्हणाला. "सोबत डोकं द्यायचं राहिलं."

"ती कुठे असेल ते तुला माहीत आहे."

"आहे."

"मग जा ना. घेऊन ये."

"मी आणू शकेन का तिला?"

"नाही," फोस्कोला म्हणावं लागलं. "मी हात लावल्याशिवाय ती हलणार नाही."

 दूर कुठेतरी ओढा वाजत होता. इव्हानोने ओढ्याच्या दिशेला पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. फोस्कोने ते टिपलं. इव्हानोने ते टिपताना त्याला पाहिलं. मग त्याने गळ्यातला मफलर सोडला.

"इकडे ये. डोळे बांधतो."

"वेडा आहेस का?"

"असेन. कुत्री तुझी आहे. हवी असेल तर ये."

मफलरला डिंकाचा आणि घामाचा वास होता. इव्हानोने गाठ घट्ट मारली आणि लहान मुलांच्या खेळात फिरवतात तसं त्याला गरागरा फिरवलं. मग दंडाला धरून चालवू लागला. पन्नाशीतला बसचालक, डोळे बांधलेले, हातात रिकामी बंदूक. मनात ब्रिनाची काळजी होती. आणि तरीही तो लक्षात ठेवत होता. उतार. मऊ जमीन. उजव्या गालाला काटे. पाण्याचा आवाज आधी डावीकडे, मग समोर.

"मोजू नकोस," इव्हानो म्हणाला.

"मोजत नाही."

"ओठ हलतायत तुझे."

मफलर सुटला तेव्हा फोस्को खोलीत होता.

एवढीशी जागा. आठ माणसं जेमतेम बसतील एवढी. चारी बाजूंनी जुनिपरच्या भिंती, खाली काळी ओली माती, एका सपाट दगडाखालून पाण्याची धार. नऊ हिवाळे त्याने कल्पना केली होती, आणि त्या कल्पनेत ती फार मोठी होती. ही तिच्याहून चांगली होती.

मधोमध ब्रिना उभी होती. एक पाय उचललेला, शेपूट ताठ, पाठीवरचे केस दवाने चिकटलेले. ती थरथरत होती. त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही.

"बंदूक दे," इव्हानो हलकेच म्हणाला.

"का?"

"जागा माझी आहे."

"बंदूक माझी आहे."

"आणि कुत्री थंडीने मरते आहे. दे."

फोस्कोने बंदूक दिली. खिशातून दोन काडतुसंही. इव्हानोने दस्त्यावरची चामड्याची गादी सोडली आणि त्याच्या हातात ठेवली, लहान मुलाचं टोपडं परत करावं तशी. मग बंदूक खांद्याला लावून पाहिली. ती खांद्याला गेली आणि तिथे बसली. फोस्कोने ते पाहिलं. मान वाकडी नाही, कोपर वर नाही. एजिस्तोच उभा होता, फक्त रुंद तोंडाचा.

फोस्कोने ब्रिनाच्या पाठीवर हात ठेवला. ती एक पाऊल पुढे गेली. पानं उडाली, पंख फडफडले, तपकिरी काहीतरी जुनिपरवरून वर चढलं आणि वळायला लागलं. फांदी मोडली. एकच. पक्षी पडला.

ब्रिनाने तो आणून फोस्कोच्या हातात दिला. त्याने तो इव्हानोपुढे धरला. इव्हानो पक्ष्याकडे बघतच नव्हता. त्याने बंदूक उघडली होती आणि नळीचा वास घेत होता, डोळे मिटून.

बंदूक कधीच वाकडी नव्हती. नऊ वर्षं फोस्कोने तिला दोष दिला होता, मनातल्या मनात, थोडा म्हाताऱ्यालाही. त्याला ते आता लागलं, आणि ते लागणं हेव्याहून वेगळं करता येत नव्हतं.

"दे," तो म्हणाला.

"देतो."

पण इव्हानोने लगेच दिली नाही. आधी खाली वाकून पानांतून रिकामं काडतूस उचललं आणि खिशात टाकलं. मग बंदूक दिली.

"पक्षी घेऊन जा. अर्देलियाला आवडतो."

ब्रिनाच्या घंटेत बोट घालून त्याने निळी लोकर ओढून काढली. थोडा वेळ लोकरीकडे पाहिलं. "हिचा अर्देलिया मला स्वेटर करणार होती," तो म्हणाला. "नाताळासाठी." मग परत फोस्कोचे डोळे मफलरने बांधले.

संध्याकाळी ब्रिना चुलीपाशी झोपली. अर्देलियाने पक्षी सोलला, आतडी बारीक कापून केपरच्या आंबट कळ्या आणि खारवलेल्या माशाबरोबर परतली, पाव भाजला. फोस्को टेबलाशी बसून सगळं सांगत होता. लोकरीचं, डुकराचं, मफलरचं. काही लपवण्यात आता अर्थ नव्हता. इव्हानोने बंदूक कशी धरली ते मात्र त्याने सांगितलं नाही.

"चार बाजूंना जुनिपर," तो म्हणाला. "एवढीशी जागा. मी पुन्हा शोधू शकणार नाही. मला कितीदा फिरवलं त्याने."

अर्देलिया पाव उलटत होती. "दगडाखालून पाणी अजून येतं का?" तिने विचारलं.

"येतं. चांगली धार..." तो थांबला. दगडाचं त्याने काही सांगितलं नव्हतं. पाण्याचंही नाही.

तव्यावर पाव चुरचुरत होता.

"तुला कसं माहीत?"

"मी जेवण घेऊन जायची बापाला. सात-आठ वर्षांची असेन. इव्हानो तेव्हा पाळण्यात होता. मी त्या दगडावर बसायची. तो म्हणायचा, हलू नकोस, पाहुणी झोपली आहे."

"नऊ हिवाळे, अर्देलिया."

"हो."

"मी या टेबलावर नकाशा पसरून बसायचो. तू बोलली नाहीस."

"भांडं ठेवलं ना," ती म्हणाली.

नकाशावरचा गोल तेलकट डाग त्याला आठवला. ती शांतपणे पावावर ते परतलेलं पसरत होती, कडेपर्यंत, नीट.

"बंदूक तुला दिली त्याने," ती म्हणाली. "जागा इव्हानोला दिली. मला कुणी विचारलं? तुम्हा दोघांच्याही आधी मी तिथे बसले आहे. बासरी मी वाहून आणायची, तो दमला की. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. मग मी म्हटलं, राहू दे. मला हे माहीत आहे, हे यांना माहीत नाही. एवढं तरी माझं असू दे."

"कुठून जायचं?" फोस्कोने विचारलं. आपला आवाज असा केविलवाणा निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"नाही सांगणार."

ती टेबलाशी बसली. लांबचोचीचं डोकं, चोचीसकट, नेहमी शिकाऱ्याच्या ताटात जातं. ते फोडून आतलं खायचं असतं. एजिस्तो खायचा. त्याच्यानंतर नऊ वर्षं फोस्कोने खाल्लं. अर्देलियाने चोचीला धरून डोकं उचललं, आपल्या ताटात ठेवलं आणि सुरीने दोन भाग केले.

फोस्को बघत होता. ती दोन्ही भाग खाऊन संपेपर्यंत तो बघत होता.